दुपारच्या जेवणाचा पाठ
(इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांसाठी)

परिसर अभ्यासाच्या पुस्तकात आहाराचा पाठ असतो आणि तो आपण सर्वजण दरवर्षी शिकवितो. पिष्टमय पदार्थ, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे व क्षार अशी नावे फळ्यावर लिहिली जातात, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत बहुधा बिनचूक लिहितात. शाळाभेटीच्या वेळी मी हा पाठ विचारतो तेव्हा उत्तरेही चांगली येतात. परंतु त्याच मुलांना ‘काल दुपारी तू काय जेवलास आणि त्यात प्रथिने कशात होती?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. पुस्तकातील आहार आणि पोटात जाणारा आहार हे मुलांच्या मनात दोन निरनिराळे विषय होऊन बसले आहेत. ही फूट सांधावी कशी, एवढ्याच हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

त्यासाठी दुपारचेच जेवण का निवडावे, असे कोणी विचारील. सकाळी पुष्कळ घरांत चहा आणि त्याच्यासोबत काहीतरी एवढ्यावर भागते. रात्रीचे जेवण मोठ्या माणसांच्या सोयीने व आवडीने ठरते. दुपारची गोष्ट वेगळी आहे. शेतावर किंवा रोजगारावर जाणारी आई सकाळी भाकरी-कालवण करून घराबाहेर पडते. डब्यात काय भरावयाचे, अथवा सुट्टीच्या दिवशी झाकून ठेवलेल्या भांड्यांतून काय वाढून घ्यावयाचे, हे नऊ-दहा वर्षांचे मूल स्वतःच ठरविते. दिवसातील हे एकच जेवण असे आहे की ज्यात त्याला थोडी तरी निवड आहे. म्हणून पाठ तेथून सुरू करावा.

ह्या पाठाची निकड किती आहे, हे एका आकड्यावरून ध्यानात येईल. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी दर शंभरांत ५९ मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण शंभरांत ३१ होते. ह्या मुली काही वर्षांपूर्वी चौथी-पाचवीच्या वर्गांत बसत होत्या. दुपारच्या तासाला मान टाकणारी, कवायतीत लवकर दमणारी, पाढे पाठ असूनही ऐन वेळी अडखळणारी मुलगी आळशीच आहे असे समजण्याची घाई आपण करतो. प्रत्येक वेळी कारण आहाराचेच असते असे नाही, आणि रक्तक्षयाचे निदान व उपचार हे डॉक्टरांचे काम आहे. तथापि रोजच्या ताटात जे बदल घडविता येतात त्यांची ओळख करून देणे हे शिक्षकाचे काम आहे, हे निर्विवाद.

पाठाची सुरुवात शाळेत शिजणाऱ्या आहारापासून करावी, कारण तो सर्वांचा आहे व तेथे कोणाच्या घरची उणीदुणी निघत नाहीत. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केलेली आणि २०२१ पासून ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ ह्या नावाने चालणारी ही योजना आपल्या नित्य परिचयाची आहे. तिच्या प्रमाणानुसार पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ वा कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी घ्यावयाची असते, आणि त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. नोंदवहीत आपण हे आकडे रोज लिहितो. ते मुलांना एकदा डोळ्यांनी पाहू द्यावेत. तराजू आणून १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी तीन कागदांवर वेगवेगळी मोजावी. मग प्रत्येक मुलाने आपल्या स्वतःच्या मुठीत ते धान्य व ती डाळ घेऊन पाहावी. एकदा हाताला माप कळले म्हणजे ते विसरत नाही, ग्रॅम विसरतात.

यानंतर गणित. तांदळात दर शंभर ग्रॅममागे सुमारे ८ ग्रॅम प्रथिने असतात. डाळीत ती सुमारे २२ ग्रॅम, म्हणजे २० ग्रॅम डाळीत ४ ग्रॅमांहून थोडी अधिक. बेरीज १२ च्या वर जाते. ‘डाळ काढून टाकली तर काय उरेल?’ हा प्रश्न मुलांनी स्वतःच विचारावा इतका वेळ थांबावे. डाळीची एवढीशी ढिगली एकतृतीयांश काम करते, हे पाहून मुलांना नवल वाटते, आणि हे नवल पुढील सर्व पाठाचे भांडवल आहे.

आता घरच्या ताटाकडे वळावे. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. डबे उघडावयास लावून त्यांची तपासणी करू नये. एका शाळेत उत्साही शिक्षकाने रोज डबे पाहून चांगल्या डब्यास तारा देण्याची प्रथा पाडली होती. हेतू उत्तम होता. परंतु पंधरवड्याच्या आत तीन मुलांनी डबा आणणेच सोडले, आणि एक मुलगी भिंतीकडे तोंड करून जेवू लागली. तिच्या डब्यात भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा होता. ज्या घरी ऊसतोडीचा हंगाम संपून नुकतेच माणसे परतली आहेत, तेथे डब्यातील उणेपणा हा मुलाचा अपराध नसतो, आईचाही नसतो. म्हणून पाठातील उदाहरणे नेहमी कल्पित घरांची घ्यावीत. फळ्यावर दोन डब्यांची चित्रे काढावीत आणि ‘हे डबे एका मुलाचे आहेत, त्याचे नाव आपण ठेवू’ असे म्हणून सुरुवात करावी. मुले आपोआप आपला डबा त्याच्या शेजारी ठेवून पाहतात. त्यांना तसे सांगावे लागत नाही.

दुसरी अडचण लाजेची आहे. अलीकडे गव्हाची पोळी, पाव किंवा पुडक्यातील शेवया आणणारे मूल स्वतःला वरचे समजते आणि भाकरी आणणारे संकोचते. ही समजूत मोडणे शिक्षकाच्या हातात आहे. शंभर ग्रॅम बाजरीत प्रथिने सुमारे ११ ग्रॅम आणि लोह ६ मिलिग्रॅमांहून अधिक असते. ज्वारीत प्रथिने सुमारे १० ग्रॅम व लोह ४ मिलिग्रॅमांच्या आसपास. पांढऱ्या सडलेल्या तांदळात लोह १ मिलिग्रॅमही नसते. पाव ज्या मैद्याचा होतो त्यातील बहुतेक चोथा कोंड्याबरोबर निघून गेलेला असतो. नाचणीत तर दर शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमांहून अधिक कॅल्शियम आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि शहरांतील दुकानांत हीच धान्ये रंगीत पिशव्यांतून चढ्या भावाने विकली जाऊ लागली. माण-खटावच्या मुलाने ज्या बाजरीची लाज बाळगावी तिला मुंबईत मान मिळावा, हा विरोधाभास मुलांपुढे मांडण्याजोगा आहे. आपल्या तोंडून ‘भाकरी’ हा शब्द कोणत्या सुरात उच्चारला जातो, इकडेही आपण लक्ष द्यावे.

तथापि नुसत्या भाकरीचे गोडवे गाऊन थांबणे हे अर्धेच सत्य सांगणे होय. भाकरीला जोडीदार लागतो. त्याचे कारण मुलांना असे समजवावे. चिंचोके आणि पांढरे खडे घ्यावेत. तीन खडे व एक चिंचोका अशा क्रमाने जमिनीवर माळ मांडावयास सांगावे, आणि एका गटाला खडे भरपूर व चिंचोके मोजके द्यावेत. चिंचोके संपताच माळ थांबते. उरलेले खडे कितीही असले तरी कामास येत नाहीत. शरीर प्रथिनांची बांधणी अशीच निरनिराळ्या घटकांची माळ ओवून करते. तृणधान्यांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो. डाळी-कडधान्यांत तो मुबलक असतो, आणि डाळीत जो उणा तो धान्यात पुरेसा असतो. म्हणून दोन्ही एका जेवणात आली म्हणजे दोहोंचे चीज होते. वरण-भात, थालीपिठाची भाजणी, खानदेशातील ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, ह्या सर्वांत ही जोडी आहे. पूर्वीच्या बायकांना लायसिन हे नाव ठाऊक नव्हते, एवढेच.

ह्या जोडीचा सर्वांत स्वस्त व डब्यास सोयीचा नमुना म्हणजे झुणका. हरभऱ्याची डाळ दळून केलेल्या ३० ग्रॅम बेसनात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. झुणका कोरडा असल्याने सांडत नाही, आणि पातळ कालवणाप्रमाणे उन्हाने दुपारपर्यंत आंबत नाही. ठेचा सोडावा असे मुलांना सांगू नये. ते कोणी ऐकणार नाही आणि ऐकण्याची गरजही नाही. ठेच्याच्या जोडीला झुणका किंवा मोडाची सुकी मटकी यावी, ठेच्यातच मूठभर दाण्याचे कूट पडावे, एवढे सांगावे. शेंगदाण्यांविषयी एक सावधगिरी मात्र अवश्य सांगावी: काळवंडलेले, सुरकुतलेले, बुरशी धरलेले व कडवट लागणारे दाणे वेचून टाकावेत; त्यांतील बुरशीचे विष यकृतास घातक असते आणि भाजल्याने ते पुरते जात नाही.

किती डाळ असावी? हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारासाठी सुमारे २५० ग्रॅम धान्य व ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये असे प्रमाण दिले आहे. म्हणजे स्थूलमानाने तीन मुठी धान्यास एक मूठ डाळ. शाळेच्या आहारात ते पाचास एक आहे. ‘चार माणसांच्या घरी एका वेळेस अर्धा किलो पीठ लागते, तीनास एक ह्या प्रमाणाने डाळ किती?’ असे उदाहरण पाचवीच्या मुलांस घालावे. उत्तर १६५ ग्रॅमांच्या आसपास येते. ते ऐकून एखादे मूल ‘गुरुजी, एवढी डाळ आमच्याकडे आठवड्याला लागते’ असे म्हणेल. त्यावर काही भाष्य करू नये. मूठभर होत नसेल तर अर्धी मूठ, आणि घरच्या शेतात तूर, मटकी, हुलगा पिकत असेल तर तो सर्व बाजारात जाण्याआधी वर्षाचा शिधा बाजूस काढावा, ही गोष्ट पालकसभेत वेगळी बोलावी.

पालेभाज्यांच्या बाबतीत पुस्तकांनी पालकाचे माहात्म्य अवास्तव वाढविले आहे, असे माझे मत आहे. पालकातील लोह शंभर ग्रॅममागे सुमारे ३ मिलिग्रॅम, आणि त्यातलेही थोडेच अंगी लागते. शाळेच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या शेवग्याच्या पाल्यात लोह त्याहून अधिक आहे, व कॅल्शियम तर ३०० मिलिग्रॅमांच्या वर आहे. शेंगा तोडून पाला शेळ्यांना टाकण्याची रीत अनेक गावी आहे. शेळ्यांचे त्यात कल्याणच होते. तांदुळजा, माठ, घोळ, अंबाडी, हादग्याची फुले, हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला, पश्चिमेकडील डोंगरांत पावसाळी कुर्डू ह्या भाज्या ऋतूप्रमाणे विनामूल्य अथवा अल्प मोलात मिळतात. रानभाजी मात्र घरातील जाणत्या स्त्रीने ओळखल्याशिवाय मुलांनी खुडून आणू नये.

वनस्पतींतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही, हा ह्या विषयाचा गाभा आहे आणि पुस्तकात त्याला एक ओळही मिळत नाही. त्यास मदत करते ‘क’ जीवनसत्त्व आणि अडथळा करतो चहा. प्रथम मदतीचे पाहू. जेवताना लिंबाची फोड पिळली, किंवा जेवणाबरोबर पेरूची फोड अथवा आवळा खाल्ला, तर त्याच भाकरी-भाजीतले लोह अधिक प्रमाणात अंगी लागते. येथे मुलांचा एक गोंधळ होतो. जे आंबट त्यात ‘क’ जीवनसत्त्व, असे ती समजतात. चिंच अतिशय आंबट असूनही तिच्यात ते नाममात्र असते; पेरू गोड असूनही त्यात दर शंभर ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमांहून अधिक असते, म्हणजे लिंबाच्या रसाच्या सुमारे चौपट. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते; सबब लिंबू भाजी चुलीवर असताना नव्हे, ताटात पिळावे. कडधान्यास मोड आणल्यानेही दुहेरी लाभ होतो: लोहास अडकवून ठेवणारा घटक कमी होतो आणि ‘क’ जीवनसत्त्व नव्याने तयार होते. माळ्यावर पडलेली लोखंडी कढई खाली काढून तीत भाजी केली तर भांड्यातील थोडे लोह अन्नात उतरते, विशेषतः भाजी आंबट असेल तेव्हा.

चहाचा अडथळा प्रयोगाने दाखवावा. दोन काचेचे पेले घ्यावेत. एकात बिनदुधाचा कडक चहा, दुसऱ्यात साधे पाणी. दोहोंत एकेक गंजलेला खिळा टाकून रात्रभर ठेवावे. सकाळी पाणी फार तर तांबूस झालेले दिसते. चहा मात्र शाईसारखा काळा होतो. चहातील तुरट द्रव्याने लोहास बांधून टाकल्याची ही खूण. पूर्वी हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून शाई करीत असत, ती ह्याच तत्त्वावर. पेल्यातील द्रव कोणी चाखू नये व प्रयोगानंतर तो फेकून द्यावा. हा प्रयोग पाहिल्यावर ‘जेवणाआधी व जेवणानंतर निदान एक तास चहा नको’ हे वाक्य मुलांना वेगळे पाठ करावे लागत नाही. कित्येक घरी दुपारी चहात चपाती बुडवून खाण्याची सवय असते, ती ह्या प्रयोगाने कमी होते असा अनुभव काही शिक्षिकांनी मला सांगितला आहे.

जावळी, पाटण व महाबळेश्वर तालुक्यांतील शिक्षकांनी भाताचा विषय थोडा विस्ताराने घ्यावा. तेथे आइकमान ह्या डच डॉक्टरची गोष्ट सांगण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो जावा बेटावर बटाव्हिया येथे बेरीबेरी रोगाचा अभ्यास करीत होता. त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. पुढे त्या एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढरा भात घालीत असत. नवा आचारी आला आणि त्याने लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना देण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना पुन्हा कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला. तांदळाच्या कोंड्यात जीवनास आवश्यक असे काही आहे व ते सडताना जाते, हा नेमका अर्थ त्याचा सहकारी ग्राइन्स ह्याने १९०१ मध्ये लावला. आइकमानला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आचाऱ्याच्या हट्टाचे नाव इतिहासात राहिले नाही. ही गोष्ट सांगून झाल्यावर हातसडीचा तांदूळ व गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ शेजारी ठेवून मुलांस पाहू द्यावा. तांदूळ फार वेळ चोळून धुणे आणि भाताची पेज ओतून देणे टाळावे, हेही येथेच सांगता येते.

पुडक्यांतील बिस्किटे, शेवया व कुरकुरीत पदार्थ यांविषयी व्याख्यान देऊ नये. रिकामी पुडकी वर्गात आणून त्यांवरील मजकूर वाचावयास लावावा. निव्वळ वजन किती, किंमत किती, घटकांत पहिले नाव कशाचे, साखर व मीठ किती, हे तेथे छापलेले असते. त्यावरून एक किलोचा भाव मुलांनी काढावा आणि गावच्या दुकानातील शेंगदाण्याच्या व फुटाण्याच्या भावाशी ताडून पाहावा. हे गणित मी येथे सोडवून देत नाही. भाव गावोगाव वेगळे आणि मुलांनी स्वतः काढलेल्या उत्तराचे वजन वेगळे.

ताकाविषयी लिहिताना हात थोडा आखडतो. गोठ्यात दोन म्हशी असूनही मुलास पेलाभर ताक मिळत नाही अशी घरे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. सकाळ-संध्याकाळचे दूध संकलन केंद्रात जाते, त्यातून पेंड व औषधांचे पैसे भागतात, आणि घरात चहापुरते दूध उरते. शिक्षकाने ‘रोज दूध प्या’ असे सांगावे आणि मुलाने ते घरी जाऊन सांगावे, यात आईचा जीव मात्र दुखतो. वाटीभर दूध विरजणाला ठेवले तर त्याचे चौघांपुरते ताक होते, एवढेच मी मातापालक सभेत सुचवीत असतो. काही घरांनी ते केले आहे.

राहिला शिक्षकांचा स्वतःचा डबा. तालुक्याच्या गावाहून येणारे आपले कित्येक बंधू एस.टी. स्थानकावर वडापाव खाऊन येतात आणि मधल्या सुट्टीत चहा-बिस्किटांवर भागवितात. मुले हे पाहतात. ज्या शाळेत गुरुजी मुलांच्या पंक्तीत मांडी घालून बसतात आणि आपल्या डब्यातील लिंबाची फोड शेजारच्या ताटात पिळतात, तेथे वरील पाठाचे निम्मे काम तासाविना होते. आहार वाढण्यापूर्वी तो चाखून नोंद करण्याची जबाबदारी आपल्यावर आहेच. तीत एवढी भर घालणे अवघड नाही.

पाठ झाल्यानंतर प्रत्येक शाळेने आपल्या गावात कोणत्या महिन्यात कोणती पालेभाजी, कोणते कडधान्य व कोणते फळ कमी मोलात वा परसात मिळते, याचा बारा रकान्यांचा तक्ता मुलांकडून तयार करून घ्यावा. त्यासाठी मुलांनी आजीला व भाजी विकणाऱ्या बायकांना विचारावे. भाज्यांची नावे गावातील बोलीत जशी उच्चारली जातात तशीच लिहावीत, ग्रांथिक करू नयेत. तक्त्याची एक प्रत स्वयंपाकी-मदतनीस भगिनींच्या हाताशी, शिजवण्याच्या खोलीत लावावी, व दुसरी केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस येताना मुख्याध्यापकांनी सोबत आणावी. चैत्र-वैशाखाचे रकाने बहुधा रिकामे राहतील. ते तसेच ठेवून आणावेत, म्हणजे त्या दोन महिन्यांसाठी कोणती भाजी वाळवून ठेवता येते याचा विचार परिषदेत करता येईल.